चाळीस पावले : होडी पाण्यात उतरविण्याविषयी आणि बाहेर काढण्याविषयी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांनी आपापल्या आवडीच्या विषयावर बोलावे अशी कल्पना निघाली आणि यथाकाल आमच्यावरही पाळी आली. ‘लहान शिडाची होडी गाडीमागे ओढून नेणे, ती पाण्यात उतरविणे आणि पुन्हा बाहेर काढणे’ असा विषय आम्ही कळविला, तेव्हा कार्यवाहांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यात त्यांचा दोष नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले. पूर्वेस चेन्नईकडे जा की पश्चिमेस मंगळूरकडे जा, खारे पाणी रस्त्याने साधारण ३५० किलोमीटरांवर. शहाजीराजांच्या जहागिरीच्या या गावी एखाद्या मराठी माणसाने घोडा बाळगला असता तर कोणी नवल केले नसते; त्याने होडी बाळगावी हे मात्र कित्येकांना चमत्कारिक वाटते.

तथापि या शहरास शिडांचे वावडे आहे असे कोणी समजू नये. हलसूर तलावाच्या काठी मद्रास इंजिनिअर ग्रुपचे ठाणे आहे; आम्ही येथे बदलून आलो त्याच वर्षी त्या तलावावर जवानांच्या होड्यांची शिडे पाहिली आणि मनाला बरे वाटले. हा ग्रुप ज्या अभियंता दलाचा भाग आहे, त्या दलाच्या अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ नावाच्या नौकेतून १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिचे नाव धारण करणारा नौकानयन क्लब म्हैसूरजवळ कृष्णराजसागरावर आहे. पुढे आपल्या दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून प्रयाण केले आणि मे २०१० मध्ये ते परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी येथे बांधली गेली होती.

अशा थोर प्रवासांपुढे आमचा विषय फारच लहान आहे. तो एकूण चाळीस पावलांचा आहे : पाण्यात जाण्याची वीस आणि पाण्यातून परतण्याची वीस. परंतु पाण्यावर हिंडताना जो प्रसंग आमच्यावर कधी आला नाही, तो या चाळीस पावलांत आला. त्याविषयी आमच्या घरात अजूनही हलक्या आवाजात बोलले जाते. तो प्रसंग मंडळींना सांगावा, विशेषतः ज्यांच्या घरी हौशी मुले आहेत त्यांना सांगावा, म्हणूनच हा विषय निवडला.

आमचे बालपण जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावी गेले. मे महिन्याच्या अखेरीस होड्या वर ओढण्याचे दिवस येत. भरतीच्या पाण्याबरोबर होडी जितकी वर आणता येईल तितकी आणावयाची; मग वाळूवर माडाचे ओंडके आडवे टाकून त्यांवरून ती पुढे सरकवावयाची. मागचा ओंडका मोकळा झाला की तो उचलून धावत पुढे नेऊन टाकणे हे काम आम्हा पोरांचे. वर नेलेली होडी झापांनी शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहिल्यानंतर पुन्हा पाण्यात उतरवीत. या साऱ्या उद्योगात अर्धे काम समुद्र करीत असे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे मराठी आरमाराची जी जुनी गोदी आहे, तिचेही तत्त्व तेच : भरतीबरोबर जहाज आत घ्यावयाचे, ओहोटीने ते कोरडे पडले की डागडुजी करावयाची आणि पुन्हा भरतीवर बाहेर काढावयाचे. पाणी येते, पाणी जाते. माणसाने फक्त वेळ साधावयाची.

बंगळूरच्या आसपासच्या जलाशयांना भरती नाही. समुद्राने जे काम फुकट केले असते, ते येथे चाकांकडून करून घ्यावे लागते. आणखीही एक गोष्ट उलटी आहे. कोकणात पावसाळा म्हणजे होडीची विश्रांती. या पठारावर जून ते सप्टेंबर पश्चिमेचे वारे वाहतात तोच शिडाचा खरा हंगाम. हैदराबादेस हुसेनसागरावरील शर्यतीही पावसाळ्यातच भरत आल्या आहेत. आमच्या मातोश्रींना हे शेवटपर्यंत पटले नाही. “नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालता?” असे त्या विचारीत. येथे समुद्रच नाही, हे उत्तर त्यांना पुरेसे वाटत नसे.

महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात आम्ही एंटरप्राइज जातीची होडी प्रथम हाताळली. त्यानंतर केंद्र सरकारची नोकरी लागली, बदल्या झाल्या, आणि पंचवीस वर्षे होडी ही केवळ आठवण राहिली. बंगळुरास आल्यावर एका निवृत्त लष्करी गृहस्थांकडून जुनी एंटरप्राइज विकत मिळाली. ती तिघांनी मिळून घेतली : आम्ही, आपल्या मंडळाचेच एक सभासद आणि कार्यालयातील एक कन्नड सहकारी. यापुढे ‘आम्ही’ म्हणू तेव्हा त्याचा अर्थ कधी एक, कधी तिघे असा असेल. श्रोत्यांनी तो सोयीने घ्यावा.

ही होडी १९५६ साली इंग्लंडमध्ये जॅक होल्ट यांनी रेखिली. लांबी ४.०४ मीटर, म्हणजे सव्वातेरा फूट. नुसत्या सांगाड्याचे वजन सुमारे ९४ किलो. चालविणारे दोघे. निळी शिडे ही तिची ओळख. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईस झाल्या, तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी याच जातीच्या होडीत सुवर्णपदक मिळविले. तिची अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी होडीच्या लांबीच्या दीडपट, म्हणजे सहा मीटरांहून थोडी अधिक असते. हा एक आकडा कृपा करून लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता गाड्याविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश होतो. म्हणजे ज्याला इंजिन नाही, ब्रेक नाही आणि स्वतःच्या इच्छेने एक पाऊलही टाकता येत नाही, तोही कायद्याने मोटार वाहन. त्याची नोंदणी हवी, पाठीमागे क्रमांक हवा, दिवे हवेत. ज्यांचे आयुष्य नियमांच्या पुस्तकांत गेले त्या आम्हांस याचा आनंद व्हावयास हवा होता. परंतु खिडकीच्या पलीकडल्या बाजूस उभे राहण्याचा अनुभव निराळाच असतो, हे त्या निमित्ताने कळले.

आमच्याकडे वस्तुतः गाडे दोन आहेत. रस्त्यावरचा मोठा ट्रेलर आणि त्याच्या पाठीवर बसणारा हलका हातगाडा. होडी हातगाड्यावर, हातगाडा ट्रेलरवर. कित्येकांना ही उधळपट्टी वाटते. तिचे कारण असे. दोन तास रस्त्यावर धावल्यावर ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. ते तसेच थंड पाण्यात बुडविले की आतील हवा एकदम आकसते आणि फटींतून पाणी आत ओढून घेते. वंगण खराब होते, गंज चढतो, आणि मग एके दिवशी भर महामार्गावर चाक रुसून बसते. म्हणून मोठा ट्रेलर पाण्याबाहेर थांबवावयाचा आणि साधी चाके असलेला हातगाडाच तेवढा पाण्यात न्यावयाचा. ज्यांच्याजवळ एकच गाडा आहे त्यांनी काठावर पोचल्यावर निदान चहा घेण्याइतका वेळ चाकांना निवू द्यावे. चहा घेण्यास शास्त्राधार मिळाल्याचे हे आमच्या माहितीतील एकमेव उदाहरण आहे.

रस्त्यावर निघण्यापूर्वी ट्रेलरचा भार किंचित पुढे असावा. मागे भार झाला की ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि पुढच्या मोटारीलाही आपल्याबरोबर डोलवितो. जोडाचा गोळा पक्का बसला की नाही हे पाहावे, सुरक्षेची साखळी लावावी, दिव्यांची तार तपासावी, होडीचे पट्टे अर्ध्या तासाने थांबून पुन्हा आवळावेत.

यानंतर मोटार मागे घेण्याची विद्या येते. ट्रेलर लावलेली मोटार मागे घेणे हा मनुष्याच्या स्वभावाची परीक्षा पाहणारा प्रकार आहे. सुकाणूचक्र डावीकडे फिरविले की ट्रेलर उजवीकडे जातो. ते ध्यानी येऊन घाईने उजवीकडे फिरविले की तो डावीकडे इतका वळतो की मोटार आणि ट्रेलर यांचा काटकोन होतो. काठावर उभे असलेले सारे गाव सूचना देऊ लागते आणि प्रत्येकाची सूचना निराळी असते. आम्हांस ही विद्या एका लॉरीचालकाने दोन मिनिटांत शिकविली. तो म्हणाला, “सार, चक्र वरून धरू नका, खालून धरा.” तळाशी हात धरला की हात जिकडे नेऊ तिकडेच ट्रेलर जातो. एवढेच. त्यानंतर आम्ही कार्यालयाच्या रिकाम्या आवारात चार रविवार सराव केला. सुरक्षारक्षक पहिल्या रविवारी हसला, चौथ्या रविवारी त्याने सलाम केला.

आता काठावरचा क्रम सांगतो. उतारावर जाऊन तयारी करू नये. उतार ही उतरण्याची जागा आहे, संसार मांडण्याची नव्हे. सपाट जागी, उतारापासून दूर, डोलकाठी उभी करावी, तिचे तारांचे ताण लावावेत, शिडे बांधून ठेवावीत पण चढवू नयेत. होडीच्या बुडास पाणी काढण्यासाठी भोक असते, त्याचे बूच लावले आहे की नाही ते पाहावे. हे वाक्य ऐकून काही मंडळी हसत आहेत. परंतु बूच न लावता होडी पाण्यात ढकलण्याचा मान आम्ही एकदा मिळविला आहे, आणि पाच मिनिटांत आपली होडी जड का झाली याचा विचार करीत आम्ही वाऱ्याला दोष देत होतो. जीवरक्षक जाकिटे काठावरच घालावीत, पाण्यात गेल्यावर नव्हे. उतारावर शेवाळ किती आहे ते अनवाणी नव्हे तर बूट घालून, चालून पाहावे. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी खाली गेलेले असते आणि दगडी उतार संपून पुढे चिखल लागतो. तेथे गाड्याच्या चाकांखाली फळ्या लागतात. मोटार उतारावर न्यावी लागली तर हातब्रेक ओढून चाकांमागे लाकडी ठोकळे लावावेत, काचा उघड्या ठेवाव्यात. उतारावर गाड्याच्या खालच्या बाजूस कोणीही, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये.

हे सारे आम्ही आपल्या सवयीप्रमाणे कागदावर उतरविले होते. यादीत बावीस कलमे होती. ती टंकलिखित करून प्लॅस्टिकच्या आवरणात घालून ट्रेलरला अडकविली होती आणि दर वेळी एकाने मोठ्याने वाचावयाची, दुसऱ्याने ‘झाले’ म्हणावयाचे असा रिवाज होता. त्या यादीचा आम्हांस अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे.

चार वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातील रविवार. बंगळुरापासून दोन तासांवर असलेल्या एका जलाशयावर आम्ही गेलो होतो. वारा उत्तम होता. बरोबर आमची मुलगी होती. ती तेव्हा सोळा वर्षांची होती आणि दहावीची परीक्षा संपल्यापासून होडीसाठी हट्ट धरून बसली होती. नेहमीच्या झाडाखाली डोलकाठी उभी केली, यादी वाचली, बाविसाव्या कलमाला ‘झाले’ म्हटले. हातगाडा ढकलावयास घेतला, तो नेहमीच्या वाटेवर एक मोटार आडवी लावलेली. मालकाचा पत्ता नव्हता. वारा पडण्यापूर्वी पाण्यात जावे अशी घाई होती. उजवीकडून शेताच्या बांधालगत दुसरी पायवाट उताराकडे जात होती. आम्ही होडी तिकडे वळविली. दोघे नाळेकडून ओढत होतो, एक जण मागून ढकलत होता, आणि डोलकाठी डुलू नये म्हणून मुलीने तिचा तारेचा ताण हाताने धरला होता. चौघांच्याही नजरा खाली होत्या. वाट खडबडीत होती आणि चाक खड्ड्यात जाऊ नये याचीच काळजी होती.

बांधावर एक वृद्ध बाई शेळ्या राखीत होती. ती एकाएकी ओरडली : “अण्णा! निल्लि! निल्लि! मेले नोडि!”

म्हणजे थांबा, थांबा, वर पाहा. आमचे कन्नड सहकारी जागच्या जागी थिजले आणि त्यांनी गाडा दोन्ही हातांनी धरला. आम्ही वर पाहिले. पंपघराकडे जाणाऱ्या विजेच्या तीन तारा वाटेवरून आडव्या जात होत्या. डोलकाठीचे टोक आणि सर्वांत जवळची तार यांत फार तर हातभर अंतर राहिले होते. पुढे उतार होता. आणखी एक पाऊल पडते तर होडी स्वतःच्या वजनानेच पुढे गेली असती.

मुलीला ताण सोडून दूर पळावयास सांगितले. शब्द तोंडातून नीट फुटले नाहीत, पण तिला कळले. तिघांनी गाडा मागे घेतला. तो एवढा जड पूर्वी कधी वाटला नव्हता. झाडाखाली पोचल्यावर डोलकाठी उतरवून आडवी केली. कोणी कोणाशी बोलेना. मुलगी म्हणाली, “बाबा, आज नको.” आम्ही होडी पाण्यात न घालताच परत आलो. घरी सौभाग्यवतींना हे सांगावयास आम्हांस तीन दिवस लागले, आणि ऐकून घेतल्यावर त्या जे बोलल्या नाहीत तेच अधिक लागले.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही नियमांची पुस्तके काढली. अधिकाऱ्याला दुःख झाले की तो दुसरे काय करणार? विजेच्या सुरक्षा नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी ११ किलोव्होल्टची तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच हवी. रस्ता नसलेल्या मोकळ्या जागेवरून ती उघडी जात असेल तर किमान ४.६ मीटर. आता मघाचा आकडा आठवावा. सहा मीटरांहून अधिक डोलकाठी, तिच्याखाली हातगाड्याची उंची. टोक जमिनीपासून साडेसहा मीटरांच्या पुढे गेले. म्हणजे तार संपूर्ण नियमानुसार असती, तरीही आमची डोलकाठी तिला भिडली असती. तारेचा दोष नव्हता, ती लावणाऱ्यांचा नव्हता, आडव्या मोटारीचाही नव्हता. दोष आमचा होता. आणि तारेस प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असेही नाही. पुरेसे जवळ गेल्यास वीज मधले अंतर ओलांडते. अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी, पोलादी ताण, आणि त्या ताणावर मुलीचा हात. यापुढचे वाक्य आम्ही आजवर मनातही पूर्ण केलेले नाही.

बावीस कलमांची यादी असताना हे घडले कसे, याचा पुष्कळ विचार केला. उत्तर लाजिरवाणे पण उपयोगी आहे. आमच्या यादीतील प्रत्येक कलम पूर्वी घडलेल्या कुठल्या ना कुठल्या लहान फजितीतून आले होते. बूच राहिले, म्हणून बुचाचे कलम. पट्टा सुटला, म्हणून पट्ट्याचे. पाय घसरला, म्हणून शेवाळाचे. सरकारी फाइलीप्रमाणे आम्ही पूर्वोदाहरणांवर चाललो होतो. जे एकदा घडून गेले त्याचीच नोंद. जे एकदाच घडते आणि ज्यानंतर यादी लिहावयास कोणी उरत नाही, त्याला आमच्या यादीत जागा नव्हती. बावीसच्या बावीस कलमे चाके, बूच, दोर, पाय अशी खाली पाहावयास लावणारी होती. वर पाहा असे सांगणारे एकही नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही होडी न घेता त्या गावी गेलो. सौभाग्यवतींनी लुगडे आणि मिठाई दिली होती. बाईंनी मिठाई शेजारच्या मुलांत वाटून टाकली. लुगडे घ्यावयास तयार होईनात. आम्ही विचारले, “अम्मा, आम्हा चौघांना दिसले नाही ते तुम्हांला कसे दिसले?” सहकाऱ्यांनी त्यांचे उत्तर आम्हांस समजावून दिले. त्यांचा धाकटा दीर शेतात पाण्याचा लोखंडी पाइप स्वच्छ करण्यासाठी उभा धरीत असता त्याच तारेस लागून गेला होता. त्याला पुष्कळ वर्षे झाली. तेव्हापासून त्या वाटेने कोणी उंच काही घेऊन निघाले, मग ते बांबू असोत की गवताची गाडी, त्यांची नजर आपोआप वर जाते. ज्या कलमाची आमच्या यादीत उणीव होती, ते त्या बाईंच्या घरात एवढी किंमत देऊन लिहिले गेले होते.

आज ट्रेलरच्या दांड्यावर, पट्टे सोडताना डोळ्यांसमोर येईल अशा जागी, ‘मेले नोडि’ हे दोन शब्द रंगविले आहेत. एका बाजूस कन्नड लिपीत, दुसऱ्या बाजूस आपल्या देवनागरीत. यादीतील ते आता पहिले कलम आहे. डोलकाठी उभी करण्यापूर्वी एक माणूस उतारापर्यंत रिकाम्या हातांनी वर पाहत चालत जातो आणि परत येतो. वाट बदलली तर डोलकाठी उतरवावयाची आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात वीस मिनिटे जातात. जाऊ द्यावीत.

आता परतीची वीस पावले. होडी बाहेर काढणे हे उतरविण्यापेक्षा अवघड. कारण तेव्हा माणसे दमलेली, भिजलेली आणि भुकेलेली असतात. वारा पाण्याकडून काठाकडे वाहत असेल तर शीड भरलेले ठेवून काठाकडे येऊ नये. दूर अंतरावरच होडीचे तोंड वाऱ्याकडे करून मोठे शीड उतरवावे आणि लहान शिडावर हळूहळू यावे. वारा काठाकडून येत असेल तर आडवे-तिडवे वळत जवळ यावे आणि शेवटी तोंड वाऱ्याकडे फिरविले की होडी आपोआप थांबते. उथळ पाण्यात मधली फळी आणि सुकाणूचे पाते वेळीच वर घ्यावे. कंबरभर पाणी आले की एकाने उतरून नाळ धरावी. पाण्यात उडी मारू नये, तळाशी दगड कोठे आहेत ते डोळ्यांस दिसत नाही.

हातगाडा इतका खोल न्यावा की होडी त्यावर तरंगतच येऊन बसेल. घाईने तो उथळ ठेवून होडी वर खेचू नये; होडीची आणि कमरेची, दोहोंची हानी होते. होडी बसली की नाळेची दोरी गाड्यास बांधावी आणि मगच ओढावयास लागावे. पाण्याबाहेर येताच प्रथम बूच काढावे. याचे गणित सोपे आहे. होडीत शंभर लिटर पाणी साचले असेल तर ते शंभर किलो, म्हणजे होडीच्या सांगाड्याहूनही जड. आठास एक असा उतार धरला तर होडी, सामान आणि हातगाडा मिळून १६० किलो ओढण्यास घर्षण सोडून सुमारे २० किलोंचे बळ लागते. तेच पाण्यासकट बत्तीसच्या वर जाते. पाच मिनिटे थांबून पाणी गळू दिले की तेच काम दोन माणसे हसत करतात. सपाटीवर आल्यावर, पुन्हा एकदा वर पाहून, डोलकाठी उतरवावी, पट्टे आवळावेत, दिवे तपासावेत, आणि अंधार पडण्यापूर्वी घरची वाट धरावी.

एक गोष्ट सांगून हे भाषण पुरे करतो. त्या अम्मांनी लुगडे अखेर घेतले, पण एका अटीवर. त्यांचा नातू दहा वर्षांचा. तो काठावर बसून निळी शिडे पाहत असे. त्याला एकदा होडीत बसवा, एवढेच त्यांनी मागितले. पुढच्या हंगामात लहान मापाचे जीवरक्षक जाकीट आणले, आणि मुलाला पोहता येते याची खात्री करून घेतली. आमच्या मुलीने त्याला पुढे बसविले. त्या घटनेनंतर ती प्रथमच होडीत पाऊल ठेवीत होती. अम्मा उताराच्या कडेला उभ्या होत्या. अर्ध्या तासाने आम्ही परत आलो, होडी गाड्यावर घेतली आणि बूच काढले. मुलगा आजीकडे धावला नाही. तो गाड्याच्या बाजूस उभा राहिला, मान वर करून त्याने डोलकाठीच्या टोकापासून आकाशाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नीट पाहून घेतले, आणि मग आम्हांस म्हणाला, “होगोण.” म्हणजे चला.

त्याच्या परवानगीने आम्ही गाडा ओढावयास घेतला. आजही तो आमच्याबरोबर असला की हे पहिले कलम त्याच्याकडेच असते.

 ज्या सभासदांना आपल्या मुलांसह होडी पाहावयास यावयाचे असेल त्यांनी जरूर यावे. पोहता येणे आवश्यक. बूट, टोपी आणि कोरडे कपडे आणावेत. डबा आमच्या घरून येईल.